ताट भरलेलं आणि कासव उपाशी



मागच्या महिन्यात समाजाच्या जेवणासाठी आम्ही आठ-दहा जणी पोळ्या लाटत होतो. बोलता बोलता आमच्या घरच्या कासवाचा विषय निघाला आणि लगेच दोन तट पडले. एक वहिनी म्हणाल्या, "मुनिसुव्रत भगवंतांचं लांछन तुमच्या घरी चालत आलंय, भाग्य लागतं त्याला." तर समोरच्या काकू लाटणं थांबवून म्हणाल्या, "कसलं भाग्य! मुक्या जिवाला पेटीत कोंडायचं आणि वर आपण अहिंसेच्या गप्पा मारायच्या. बागेत सोडून द्या की त्याला, अभयदान तरी होईल." माझी पोळी तव्यावर होती म्हणून मी गप्प बसले. पण मला दोघींचंही पटलेलं नाही. का पटलं नाही ते इथे लिहिते, कारण आपल्या बायकांत हा विषय दर वर्षी कुणा ना कुणाच्या मुलाच्या वाढदिवसाच्या निमित्ताने निघतोच.

आधी ते आलं कसं ते सांगते. आम्ही इथे लेस्टरला राहतो. आमच्या समोरच्या घरात एक वयस्कर इंग्रज बाई एकट्या राहायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना वृद्धांच्या निवासात जावं लागलं आणि तिथे कासव चालत नव्हतं. नोव्हेंबरच्या मध्यात त्यांची मुलगी काचेची एक लांबट टाकी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. "तुम्ही लोक प्राण्यांना मारत नाही ना, म्हणून तुमच्याकडे आले," म्हणाली. आता यावर नाही कसं म्हणणार? कासव हर्मन जातीचं, म्हणजे मूळ भूमध्य समुद्राकाठच्या देशांतलं, दोन ओंजळींत मावेल एवढं. बाईंकडे तीस वर्षं होतं. नाव स्पड. स्पड म्हणजे इंग्रजीत बटाटा! ज्या घरात बटाटा येत नाही त्या घरात हा असा बटाटा आला. आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, तेव्हा सांगलीहून आलेल्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव बदलून 'सुव्रत' ठेवलं.

टाकीत काकडीच्या आणि टोमॅटोच्या चकत्या होत्या. सुव्रतने त्यांना तोंड लावलेलं नव्हतं. आम्ही मेथी दिली, कोबी दिला, मुलाने बागेतलं गवत आणलं. काही नाही. डोळे सुजलेले, नाकाशी बुडबुडा. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. मला वाटलं होतं औषध देतील. त्या डॉक्टर बाईंनी आधी विचारलं, "ठेवता कुठे?" स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात, आम्ही म्हटलं. "तिथलं तापमान किती?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. घरी येऊन मोजलं तर सोळा अंश.

डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्या मनात कायमचं बसलं. आपल्या शरीराची चूल आत असते. आपण खाल्लं की ती पेटते, बाहेर बर्फ पडला तरी आतली ऊब टिकते. कासवाची चूल बाहेर असते. ऊन हीच त्याची चूल. ऊन मिळालं तर त्याचं रक्त फिरतं, भूक लागते, खाल्लेलं पचतं, अंगातली रोगाशी लढण्याची ताकद जागी होते. सोळा अंशांत त्याला भूकच नीट लागत नाही, आणि जबरदस्तीने भरवलं तर ते पोटात पचायच्या ऐवजी कुजतं. नाकाच्या जंतूंवर औषध दिलं तरी अंग गार असेल तर औषधाचाही उपयोग होत नाही.

लहानपणी पाठशाळेत आपण सगळ्याजणींनी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ केलेत. बांधणं, मारणं, अवयव छेदणं, झेपेल त्यापेक्षा जास्त भार लादणं आणि अन्नपाणी अडवणं. पंडितजी उदाहरण बैलाचं द्यायचे, आणि आम्ही मुली मान डोलावून मोकळ्या व्हायचो, कारण आमच्याकडे बैल नव्हता. अन्नपाननिरोध म्हणजे वैरण न घालणं, एवढंच डोक्यात होतं. त्या दिवशी टाकीपुढे बसून मला पहिल्यांदा कळलं, की ताट भरून पुढे ठेवूनही अन्नपाननिरोध होतो. थंडीत ठेवलेल्या कासवाला हिरव्यागार पानांचा ढीग घातला तरी ते उपाशीच. त्याच्या चुलीचं बटण आपल्या हातात आहे आणि ते आपण दाबलेलं नाही.

म्हणून माझं मत असं झालंय. ज्यांच्या घरात असा जीव येऊन पडलाय, त्यांच्यासाठी त्याचं घर बांधणं आणि ते नीट गरम ठेवणं हा छंद नाही, लाडही नाहीत. ते त्याचं अन्न आहे. आणि ज्यांना एवढं करायचं नाही त्यांनी कासव आणूच नये, भाग्याच्या नावाने तर अजिबात नको.

आता घर कसं बांधलं ते सविस्तर सांगते, कारण इथे राहणाऱ्या दोघी-तिघींनी विचारलंय.

काचेची टाकी पहिल्यांदा काढली. कासवाला काच कळत नाही. त्याला पलीकडचं दिसतं, जाता येत नाही, मग ते दिवसभर भिंतीला धडका देत चालत राहतं. शिवाय टाकीत हवा कोंडते आणि एवढ्याशा जागेत सगळीकडे एकच तापमान होतं. कासवाला तर एक टोक गरम आणि एक टोक गार असं हवं असतं, म्हणजे त्याला हवं तेव्हा ते उन्हात जाईल, हवं तेव्हा सावलीत. त्यामुळे लांबट, लाकडी आणि वरून उघडं घर चांगलं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पुस्तकांचं जुनं कपाट फळ्या काढून पाठीवर आडवं टाकायचं. आमच्याकडे असं कपाट होतं. पण त्यात स्वाध्यायाचे ग्रंथ असायचे. आत्ती म्हणाल्या, "जिथे जिनवाणी ठेवली तिथे कासवाची घाण?" त्यांचं बरोबरच होतं. मग दान-दुकानातून दहा पौंडांना दुसरं कपाट आणलं, सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद. चार बाय दोनची पेटी चालते असं बरेच जण सांगतात, पण ती कमीत कमी समजा. बंध हा अतिचारच आहे, तो टळत नसेल तर दोरी जेवढी लांब करता येईल तेवढी करायची, एवढं तरी आपल्या हातात आहे.

फळ्यांच्या कडा फूटभर उंच ठेवल्या. कासव चढतं, यावर माझा आधी विश्वास नव्हता. कोपऱ्यात पुढचे पाय टेकवून ते बेमालूम वर येतं आणि उताणं पडतं, म्हणून चारही कोपऱ्यांवर आडवी पट्टी ठोकली. लाकडाला पॉलिश करायचं ठरलं तेव्हा यांनी डबा आणला तो लाखेचा निघाला. लाख किड्यांपासून होते, तो डबा परत गेला. आतून तळाला आणि माती लागेल तिथवर तळ्याला घालतात तसलं जाड प्लॅस्टिक लावलं. वर माती आणि धुतलेली वाळू मिसळून वीतभर थर, म्हणजे त्याला अंग पुरून घेता येईल. गार टोकाला लपायला एक उपडी कुंडी, गरम टोकाला दिव्याखाली पाटीचा सपाट दगड. तो तापतो आणि त्यावर चालून नखंही झिजतात. आणि हे सगळं जमिनीवर नाही, चार पायांवर उचलून, दारापासून लांब. इथल्या घरांत दाराखालून येणारा वारा घोट्यापाशीच फिरतो.

आता ऊब. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या प्रेमापोटीच होतात. टाकीखाली एक गरम होणारी चटई होती. ऐकायला किती छान, गादी गरम! पण कासवाच्या जगात ऊन वरून येतं आणि जमिनीत शिरलं की गार लागतं. खालून तापवलं तर ते गारव्यासाठी माती उकरतं आणि आणखी तापलेल्या जागी पोहोचतं. पोटाकडची ढाल भाजू शकते. म्हणून चटई बंद. एका टोकाला वरून शंभर वॅटचा दिवा. त्याच्याखाली दगडावर तीस ते पस्तीस अंश, आणि दुसऱ्या टोकाला वीस-बावीस. दिवा किती उंचावर लावायचा याचं ठरलेलं माप नाही. दगडावर तापमापी ठेवायची आणि साखळी वरखाली करायची, पोळीसाठी आच कमी-जास्त करतो तशीच.

दुसरा दिवा अतिनील किरणांचा, नळीसारखा. तो उबेसाठी नसतो. त्या किरणांनी अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय कॅल्शियम हाडांत आणि ढालीत उतरत नाही, ढाल मऊ पडते. "खिडकीत ठेवा की, ऊन येतं," असं मला चार जणींनी सांगितलं. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण हे किरण काच अडवते. नळी रोज पेटते म्हणजे ठीक आहे असंही नाही. उजेड तसाच राहतो, किरण मात्र हळूहळू संपतात, म्हणून वर्षाला नळी बदलावी लागते. मी कॅलेंडरवर क्षमावणीच्या तारखेला खूण करून ठेवलीय, विसरायला नको म्हणून.

रात्री दोन्ही दिवे बंद. लाल दिवा रात्रभर लावायचा सल्लाही मिळतो, पण कासवालाही अंधार लागतो. फार गारठा असेल तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर, आणि त्याला थर्मोस्टॅट हवाच. दिवा नुसत्या चिमट्यावर टांगू नका, चिमटा सुटतो आणि खाली लाकूड आणि वाळलेलं गवत असतं. आमचा दिवा साखळीवर आहे आणि त्या साखळीला दुसऱ्या खिळ्याचा आधार आहे. धारक चिनी मातीचा, प्लॅस्टिकचा नाही. खोलीत धुराची घंटा आहे. या एका गोष्टीत मी कुणाचंही "काही होत नाही हो" ऐकून घेत नाही.

टायमर सकाळी सातला दिवे लावतो आणि संध्याकाळी सातला बंद करतो. यात एक गंमत आहे. कासव मुळातच रात्रिभोजन करत नाही. दिवा गेला की पानाला तोंड लावत नाही, पाणी पीत नाही, सरळ मातीत शिरतं. पण डिसेंबरात इथे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. आमचं अंथऊ घाईघाईने उरकलेलं असतं आणि सुव्रत आपल्या दिव्याखाली सातपर्यंत खुशाल चरत असतो. आत्ती त्याच्याकडे बघून म्हणायच्या, "ह्याचा सूर्य बरा, बटणावर आहे."

आपल्या घरात हे करताना जे प्रश्न येतात ते माहितीच्या पुस्तकांत नसतात. कॅल्शियमसाठी सगळे समुद्रफेन द्यायला सांगतात. ते समुद्रातल्या प्राण्याच्या अंगातलं कवच असतं, आमच्या घरात येणार नाही. साधी चुनखडीची शुद्ध पूड मिळते, ती पानांवर भुरभुरते, काम तेच होतं. बागेतली पानं तोडताना, दुधळ, केळपात, क्लोव्हर, पान न् पान उलटून बघते, मेथी निवडतो तसं. चतुर्दशीला आपण हिरवं तोडत नाही, मग त्याचं काय? आत्तींनी निकाल दिला, "व्रत आपलं आहे, त्याचं नाही. आदल्या दिवशी तोडून ठेव." ओल्या मातीत बारीक जीव होतात. एकाने माती आधी ओव्हनमध्ये भाजून घ्यायला सांगितलं होतं. मला ते शक्य नव्हतं. वरचा थर कोरडा ठेवते, पाणी कडेने खाली जाईल असं घालते, खरकटी पानं रोजच्या रोज उचलते, बुरशी धरत नाही. तरी निर्दोष काहीच नाही, हे मला माहीत आहे. आरंभी हिंसा घरात असतेच. ती आहे हे मान्य करून कमी करत राहायचं.

खर्चाचं विचाराल तर दोन दिवे आणि अधूनमधून हीटर मिळून दिवसाला दोन युनिटांच्या आसपास वीज जाते. लाइटबिल पाहून पहिल्या महिन्यात यांचे डोळे मोठे झाले होते. मी म्हटलं, रोजच्या चहाइतकंच आहे. चहा मीच एक कप कमी केला. अपरिग्रहाचं व्रत घेऊन एवढी उपकरणं का, असंही एकीने विचारलं. माझ्या अंगावरची नवी साडी माझा परिग्रह आहे. त्याच्या अंगावरची ऊब माझा परिग्रह कसा?

तीन आठवड्यांनी त्याने पहिलं पान खाल्लं. दुधळाचं. आम्ही चौघं मान वाकवून बघत होतो आणि कुणी बोलत नव्हतं.

आता काकूंच्या अभयदानाकडे येते. लेस्टरच्या बागेत नोव्हेंबरात सोडलेलं कासव मरतं. लगेच नाही, हळूहळू. सगळ्यात वाईट तापमान दहा ते पंधरा अंशांचं. तेवढ्यात ते धड झोपत नाही आणि धड जेवत नाही, अंगातला साठा जळत राहतो. निरोगी हर्मन कासव मूळ देशात हिवाळाभर जमिनीत झोपतं हे खरं, आणि इथेही काही जण डॉक्टरांकडून तपासून घेऊन पाच अंशांच्या फ्रिजमध्ये त्याला झोपवतात. पुरती ऊब किंवा पुरता गारवा, अधलंमधलं नको, हे त्यातलं मर्म. आमच्या डॉक्टर आता तसं करायला हरकत नाही म्हणतात. जिवंत जीव फ्रिजमध्ये ठेवायचा धीर मला अजून झालेला नाही. एके काळी या देशात ही कासवं भूमध्य प्रदेशातून लाखोंनी आणून विकली, त्यांतली कितीतरी पहिल्याच हिवाळ्यात गेली. शेवटी १९८४ मध्ये त्या व्यापारी आयातीवर बंदी आली.

आणि आपल्याकडचं अभयदान काही वेगळं नाही. सांगली-कोल्हापूरकडे, पुण्या-मुंबईकडे पुण्य म्हणून कासव विकत घेऊन तळ्यात, विहिरीत सोडणारे आहेत. पाठीवर चांदण्या असलेलं कासव जमिनीवरचं आहे, त्याला पोहता येत नाही. विहिरीत सोडलं की ते बुडून मरतं, आणि आपण हात जोडून घरी येतो. कानाजवळ लाल पट्टा असलेली पाण्यातली कासवं अमेरिकेतली. ती तळ्यात सोडली की तिथल्या मूळच्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतात. एकाला सोडून दहांना उपाशी ठेवायचं, हे कसलं दान? ज्याने ते विकत घेतलं त्याने तर दुकानदाराला पुढचं कासव पकडायला पैसेच दिले.

वहिनींच्या भाग्याबद्दलही एक सांगायचंय. माझ्या नात्यातल्या एका मुलीने मागच्या वर्षी शनीच्या त्रासावर कुणीतरी सांगितलं म्हणून घरात चांदण्यांचं कासव आणायचं ठरवलं होतं. मी तिला फोनवर चांगलं सुनावलं. ते घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही पूर्ण बंदी आहे. मुनिसुव्रत भगवंतांची भक्ती करायची तर पैठणला जा. लांछन मूर्तीच्या पायाशी कोरलेलं असतं, ते ओळखीसाठी. भगवंतांना ओळखायला जिवंत कासव कोंडायची गरज नाही. कुणाकडे असं कासव आधीच असेल तर ते विहिरीत नाही, वनखात्याकडे द्यायचं.

तेव्हा माझं म्हणणं दोन्ही तटांना आवडणार नाही. विकत आणू नका. आलेलं टाकू नका. आणि आलेलं सांभाळायचं तर एक हिशोब आधी करा: ही कासवं पन्नास वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतात. मी आज सत्तेचाळीस वर्षांची आहे. सुव्रतचं माझ्यामागे कोण करणार हा विषय आमच्याकडे जेवताना निघतो आणि धाकटा म्हणतो, "मी आहे." तो बारा वर्षांचा आहे.

त्या दिवशी पोळ्या संपवून हात धुताना एक तरुण मैत्रीण हळूच जवळ आली. तिच्या मुलीला वाढदिवसाला कासव हवंय, कुठे मिळेल, एवढंच तिला विचारायचं होतं. फेब्रुवारीत आम्ही तीन आठवडे सांगलीला जाणार आहोत. मी तिला म्हटलं, ते तीन आठवडे तू आणि तुझी मुलगी सुव्रतला सांभाळा. रोज सकाळी दगडावरचं तापमान वहीत लिहायचं, पानं बघून तोडायची, एक दिवसाआड कोमट पाण्यात त्याच्या हनुवटीपर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवायचं, माती साफ करायची. मग आपण वाढदिवसाचं बोलू.

तिने अजून काही कळवलेलं नाही. किल्ली मात्र मी वेगळी काढून ठेवलीय.